चिनी वाचनपुस्तकांची मोजणी: अक्षरे की शब्द?

पुण्यात चिनी शिकणारे बरेच जण एचएसके या चिनी भाषेच्या अधिकृत परीक्षेची तिसरी पातळी पार करतात आणि तिथेच अडतात. चाकणला आलेल्या चिनी अभियंत्याशी चार वाक्ये बोलता येतात, मोबाइलवरचा निरोप कळतो; पण सलग एक पान वाचायला घेतले की ओळीओळीला थांबावे लागते. पाठ्यपुस्तक आणि खरे पुस्तक यांच्यामधल्या या अंतरासाठी ग्रेडेड रीडर असतात. ठरावीक शब्दांत बसवलेल्या, तेच शब्द पुन्हा पुन्हा आणणाऱ्या सलग गोष्टी. मराठीत लहान मुलांसाठी जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तके निघतात, त्यांचाच हा मोठ्यांसाठीचा भाऊबंद. अशी पुस्तके वाचावीत की नाही, यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो मलपृष्ठावरच्या आकड्याचा. '३००' असे छापलेले असते, ती ३०० अक्षरे की ३०० शब्द? चुकीचे पुस्तक हाती पडण्याचे आणि पहिल्या दहा पानांत ते मिटवून ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून या मोजणीचा इतिहास समजून घेणे गरजेचे वाटते.

अगदी जुन्या काळाबद्दल थोडक्यात. सहाव्या शतकापासून चीनमधली मुले ज्या पाठातून अक्षरे शिकत आली, त्यात एक हजार अक्षरे आहेत आणि एकही अक्षर पुन्हा येत नाही. पाठांतराला तो उत्तम. पण पुनरावृत्तीतून वाचन शिकवण्याच्या कल्पनेच्या तो बरोबर उलट टोकाला आहे. ग्रेडेड रीडरला वळण मिळाले ते आपल्याच उपखंडात. १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या एका इंग्रज शिक्षणतज्ज्ञाच्या लक्षात आले, की बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि आलेले शब्द पुरेसे परत येत नाहीत. त्याने शब्द मर्यादित करून, जुन्या गोष्टी सोप्या भाषेत पुन्हा लिहून वाचनमाला काढली. त्याची मोजणी शब्दांची होती. इंग्रजीत दुसरे काही मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच दशकात चीनमध्ये वेगळी मोजणी चालू होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या चिनी मजुरांना पत्रे लिहिता-वाचता यावीत म्हणून सुरू झालेले काम पुढे मोठ्या साक्षरता चळवळीत बदलले, आणि तिची पुस्तके सुमारे हजार अक्षरांवर बेतलेली होती. कोणती हजार, हे ठरवायला वारंवारितेचा आधार हवा होता. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत बोलीच्या जवळच्या गद्यातली साडेपाच लाखांहून अधिक अक्षरे हाताने मोजली गेली आणि त्यांत वेगवेगळी अक्षरे ४,२६१ निघाली. संगणक नसताना केलेले हे काम आजही थक्क करते. पण इथेच एक गृहीतक पक्के झाले: चिनी वाचनाचे एकक म्हणजे अक्षर.

हे गृहीतक त्या चळवळीपुरते बरोबर होते. शेतकरी किंवा मजूर चिनीच बोलत होता. शब्द त्याच्या कानात होते, फक्त त्यांचे रूप त्याला माहीत नव्हते. 'पूर्व' आणि 'पश्चिम' ही दोन अक्षरे त्याने वाचली की त्यांचा उच्चार जुळून 'वस्तू' हा शब्द आपोआप डोक्यात उमटे. पुण्यातल्या शिकणाऱ्याचे तसे होत नाही. त्याला पूर्व दिसते, पश्चिम दिसते, आणि वाक्यात दिशांचे काय काम, असा प्रश्न पडतो. 'घोडा' आणि 'वर' मिळून 'लगेच', 'लहान' आणि 'हृदय' मिळून 'सांभाळून', 'उजळ' आणि 'पांढरा' मिळून 'समजले'. काही जोड्या सुटतात: 'वीज' आणि 'बोलणे' म्हणजे दूरध्वनी, 'वीज' आणि 'मेंदू' म्हणजे संगणक. पण सुटतात त्याही अर्थ माहीत झाल्यावरच. त्यातून चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हेही वाचणाऱ्यानेच ठरवायचे असते. ३०० अक्षरे येणाऱ्या माणसाला त्या ३०० अक्षरांपासून बनलेले सगळे शब्द येतात असे मानणे म्हणजे अर्धे काम झाले नसताना पुरे झाल्याचे सांगणे आहे.

पुण्याच्या आधीच्या चिनी वाचनालाही अक्षराचीच सवय होती, आणि त्याला कारण होते. इथे चिनी वाचले गेले ते बौद्ध ग्रंथांसाठी. १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात पाली 'विसुद्धिमग्ग' आणि मुख्यतः चिनी भाषांतरातून टिकलेला 'विमुत्तिमग्ग' शेजारी ठेवून वाचले होते. १९७० मध्ये इथल्याच एका प्राच्यविद्या संस्थेने पाचव्या शतकातल्या चिनी विनय-भाष्याचे (भिक्षूंच्या नियमांवरच्या टीकेचे) इंग्रजी भाषांतर छापले; ते एका पुणेकर पाली पंडिताने जपानी सहकाऱ्याबरोबर केले होते. हे वाचन दांडग्या विद्वत्तेचे होते. पाली मजकूर शेजारी, कोश हाताशी, आणि अक्षरन् अक्षर तपासत पुढे जाणे. जुन्या ग्रांथिक चिनीत बहुतेक वेळा एक अक्षर म्हणजेच एक शब्द, त्यामुळे तिथे अक्षरे मोजून भागते. आजची चिनी तशी राहिलेली नाही. तिचे बहुसंख्य शब्द दोन अक्षरी आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली वाचनपुस्तके आली. १९५० च्या दशकातली एक लोककथा जेमतेम ३०० अक्षरांत सांगितली आहे. १९६६ मध्ये निघालेल्या एका जाडजूड वाचनपुस्तकात नवी अक्षरे फक्त ४००, पण सलग मजकूर सुमारे १,२०,००० अक्षरांचा. म्हणजे सरासरीने एकेक अक्षर ३०० वेळा डोळ्यांखालून जाते. त्या पुस्तकाची खरी करामत मात्र दुसरी आहे. त्याने ४०० अक्षरांबरोबर त्यांच्यापासून बनणारे हजाराहून अधिक जोडशब्दही मोजले आणि पाठागणिक वाटून दिले. अक्षर आणि शब्द दोन्ही मोजायचे, ही समजूतदार वाट तेव्हाच सापडली होती. या पुस्तकांचा मुख्य मजकूर पारंपरिक लिपीत आहे. चीनमध्ये १९५६ पासून सरलीकृत लिपी रुजत गेली आणि आपल्याकडचे वर्ग तीच शिकवतात, त्यामुळे ती पुस्तके इथे फारशी कामाला येत नाहीत.

नंतरची सगळी गुंतागुंत परीक्षेभोवती झाली. एचएसकेची जुळवाजुळव १९८४ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये परीक्षा प्रत्यक्षात आली. १९९२ च्या अभ्यासक्रमात ८,८२२ शब्द आणि २,९०५ अक्षरे अशा दोन्ही याद्या होत्या; शब्द चार गटांत, त्यांतल्या पहिल्या गटात १,०३३. इथवर मोजणी दुहेरी होती. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, चीनमध्ये नेहमीच्या अक्षरांची यादी जाहीर झाली. त्यातली पहिली २,५०० अक्षरे वीस लाखांहून अधिक अक्षरांच्या मजकुरावर तपासली तेव्हा ९७.९७ टक्के मजकूर त्यांत बसला. 'अडीच हजार अक्षरे आली की वर्तमानपत्र वाचता येते' हे वर्गावर्गांत ऐकू येणारे वाक्य अशाच आकड्यांच्या आधारावर उभे आहे. आकडा खरा आहे. पण तो सांगतो ओळखीच्या अक्षरांचे प्रमाण, आणि ऐकणारा समजतो अर्थ कळण्याचे प्रमाण. या एका गैरसमजापायी कितीतरी मेहनती विद्यार्थी अक्षरांची कार्डे घोकत बसतात आणि वाचन पुढे ढकलतात.

२०१० मध्ये परीक्षा नव्याने बांधली गेली. सहा पातळ्या, आणि शब्दसंख्या १५०, ३००, ६००, १,२००, २,५००, ५,०००. यादी फक्त शब्दांची. अक्षरांची स्वतंत्र यादी गेली. पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिकेत अक्षरांबरोबर पिनयिन, म्हणजे त्यांचा रोमन लिपीतला उच्चारही छापलेला, तिसरीपासून नाही. सहा पातळ्यांची सांगड युरोपीय भाषाचौकटीच्या सहा पायऱ्यांशी घातली गेली. जर्मनभाषक प्रदेशातल्या चिनी शिक्षकांच्या संघटनेने ही तुलना फुगवलेली असल्याचे जाहीरपणे सांगितले. तो आक्षेप योग्यच होता. ५,००० शब्दांवर कोणी मातृभाषकाच्या जवळपास पोहोचत नाही. तरीही वाचनपुस्तकांच्या बाजूने पाहिले तर २०१० च्या बदलाने मोठे भले केले, असे माझे मत आहे. प्रकाशकांना एकच, उघड, शब्दांत मोजलेली शिडी मिळाली आणि पुस्तकांच्या मालिका तिच्याशी जोडून निघू लागल्या.

मग २०२१ आले. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नव्या मानकात तीन टप्पे आणि नऊ पातळ्या आहेत, आणि मोजणी चार गोष्टींची: १,११० अक्षरोच्चार, ३,००० अक्षरे, ११,०९२ शब्द, ५७२ व्याकरणमुद्दे. अक्षर परत आले, शब्दही राहिला. तत्त्व म्हणून हे स्वागतार्ह आहे. १९६६ च्या वाटेवर परत येणेच आहे. पण आकडे बघा. जुन्या पद्धतीत तिसरी पातळी म्हणजे ६०० शब्द. नव्या मानकात तिसरी पातळी म्हणजे २,२४५ शब्द आणि ९०० अक्षरे. पहिलीतच ५०० शब्द. म्हणजे जुन्या हिशेबाने तिसरीत असलेला विद्यार्थी नव्या हिशेबाने दुसरीच्या उंबरठ्यावर. सात ते नऊ या पातळ्यांची परीक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा झाली, पण खालच्या सहा पातळ्यांची परीक्षा मानक आले म्हणून लगेच बदलली नाही. त्यामुळे बाजारात दोन्ही हिशेबांची पुस्तके एकाच वेळी राहिली आणि दोघांवर शिक्का एकच, 'पातळी ३'. मोजणीचा नियम बदलताना जुने क्रमांक तसेच ठेवणे हा निर्णय मला आजही पटत नाही. नाव बदलले असते तर हा घोटाळा टळला असता.

वाचनपुस्तकांच्या मालिकांतही ही फूट दिसते. बीजिंगच्या एका विद्यापीठ प्रकाशनाची मालिका पूर्णपणे शब्दांवर चालते: आठ पातळ्या, ३००, ५००, ७५०, १,१००, १,५००, २,१००, ३,०००, ४,५००. दुसरी एक लोकप्रिय मालिका अक्षरांवर चालते: १५०, ३०० आणि ४५०. दोन्हींत '३००' आहे आणि दोन्ही ३०० वेगळी आहेत. अक्षरांवर चालणाऱ्या मालिकेचा युक्तिवाद असा, की विद्यार्थ्याला घाबरवते ते अनोळखी अक्षर. ते कमी केले की तो वाचायला बसतो. अगदी पहिल्या पुस्तकापुरता मला तो मान्य आहे. दुसऱ्या पुस्तकापासून शब्द मोजलेले असावेत.

पुण्यात या वादाला एक खास बाजू आहे. या शहरात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी, आणि त्यांतले काही जण पुढे चिनीकडे वळतात. कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे, पाठ असल्यामुळे ते अक्षरांच्या आकड्याने सहज वरच्या पातळीचे पुस्तक उचलतात. मग 'हात' आणि 'कागद' हा जपानीत पत्राचा शब्द चिनीत टॉयलेट पेपर होतो. 'वाफ' आणि 'गाडी' ही जपानीतली आगगाडी चिनीत मोटार होते. अक्षर ओळखीचे, शब्द परका. अशा वाचकाला अक्षरांची मोजणी काहीच सांगत नाही. उलट शब्दांच्या मालिकेत त्याने ३०० पासून सुरुवात केली तर पाने भराभर उलटतात आणि चुकीचे अर्थ त्या ओघात सुधारतात.

पिनयिनबद्दलही थोडे. १९५८ मध्ये मान्य झालेली ही रोमन लेखनपद्धत अनेक पुस्तकांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छापलेली असते. मराठी माणसाला पिनयिन उच्चारायला तुलनेने सोपे जाते. 'चमचा'मधला च आपल्या तोंडात आहे, आणि पिनयिनमधला झेड जवळजवळ तोच. अडचण वेगळी आहे. डोक्यावर रोमन असले की डोळा खाली उतरत नाही, आणि पुस्तक संपते तेव्हा अक्षरे वाचलेलीच नसतात. नव्या, अनोळखी शब्दाखाली तळटीप देणारी पुस्तके या कारणासाठी अधिक चांगली.

किती शब्द अनोळखी चालतील, यावर २००० सालच्या एका इंग्रजीवरच्या अभ्यासाचा आकडा सर्वत्र वापरला जातो: कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. पन्नास शब्दांमागे एक नवा. चिनीच्या छोट्या पानावर दीडशे-दोनशे अक्षरे असतात, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे शब्द; त्यांत दोनच नवे. पुस्तक निवडताना मधले कुठलेही पान उघडून एवढे तपासले तर पातळीच्या क्रमांकाकडे बघायचीही गरज पडत नाही.

२०२० मध्ये इथली परिस्थिती आणखी बदलली. जूनमध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यांत गप्पांचे मुख्य ॲपही गेले, आणि चिनी मित्रमैत्रिणींशी रोज चार ओळी लिहिण्या-वाचण्याचा विद्यार्थ्यांचा सराव तुटला. जुलैमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळेतल्या परकीय भाषांच्या उदाहरणांतून चिनी वगळली गेली. २०१९ च्या मसुद्यात ती होती. रांजणगाव आणि चाकणमधल्या चिनी कंपन्यांचे कारखाने मात्र चालूच राहिले आणि दुभाष्यांची गरजही. वाचनाचा सराव त्यामुळे अधिकच पुस्तकांवर आणि कोशाच्या ॲपमधल्या ई-पुस्तकांवर आला. ई-पुस्तकात अनोळखी शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो, आणि काही ॲप या मजकुरातले तुमचे किती टक्के शब्द ओळखीचे आहेत तेही मोजून दाखवतात. ही मोजणी करायला आधी यंत्राला शब्द तोडावे लागतात. चीनमध्ये त्यासाठी १९९२ चे राष्ट्रीय मानक आहे, पण प्रत्येक ॲप ते पाळतेच असे नाही, म्हणून एकाच गोष्टीचे दोन ॲपमध्ये दोन वेगळे टक्के निघतात. तुलना करायची तर सुरुवातीपासून एकच ॲप धरून ठेवावे आणि त्याच्याच आकड्यांची आपसांत तुलना करावी.