पार्श्वभूमी: जुन्या लष्करी रायफली, ओतीव गोळ्या आणि आकड्यांचा घोळ

जुन्या लष्करी रायफलींसाठी स्वतः शिशाच्या गोळ्या ओतून काडतुसे भरणाऱ्यांचे एक ठरलेले गाऱ्हाणे असते. रायफलीच्या नावाचा साचा घेतला, गोळ्या चकचकीत पडल्या, पण निशाण्याच्या कागदावर त्या आडव्या लागतात आणि दहा-बारा बारांत नळीत शिसे चढते. दोष शिशाच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा दोष मापाचा असतो, आणि मापाचा हा घोळ शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

सैन्याच्या रायफली शिशावरच वाढल्या. १८५७ च्या चरबी लावलेल्या काडतुसांची कथा इथे पुन्हा सांगायला नको. एवढेच लक्षात असू द्या की ते वंगण काळ्या दारूची काजळी मऊ ठेवण्यासाठी होते, आणि आज गोळीच्या चऱ्यांत मेणाचे मिश्रण भरतात तो त्याच वंगणाचा वंशज. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची, बारा भाग शिशात एक भाग कथील घालून केलेली आणि वर कागद गुंडाळलेली. त्याच काळात अमेरिकी सैन्य आपल्या छावण्यांना पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी धातूची नळकांडी, पुन्हा भरण्याची हत्यारे पुरवत होते, कारण त्यामुळे सराव स्वस्तात होई. आज ज्याला छंद म्हणतात ते तेव्हा सरकारी काम होते.

मग फ्रान्सने १८८६ मध्ये बिनधुराच्या दारूची रायफल सैन्याला दिली आणि शिशाचे दिवस फिरले. नव्या वेगात उघडे शिसे नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांना धरून राहीना, म्हणून गोळीवर धातूचे कवच आले. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखली जाणारी रायफल तर अर्धवट वेशातच आली. गोळी कवचाची, पण पुंगळीत दारू अजून काळीच. कॉर्डाइट ही ब्रिटिशांची बिनधुराची दारू, ती मागाहून आली आणि तिच्या धगीने नळीतल्या उथळ खाचा इतक्या लवकर झिजल्या की १८९५ मध्ये खोल, कडेदार पाच खाचांची नळी आणावी लागली.

या पाच खाचांकडे पुन्हा यायचे आहे. आधी नाव. ०.३०३ इंच हा गोळीचा व्यास नाही. खाचा पाडण्याआधी नळीला जे भोक असते, त्याचा तो व्यास. खाचांच्या तळापासून मोजले तर माप ०.३१३ च्या आसपास निघते, आणि युद्धाच्या घाईत झालेल्या किंवा झिजलेल्या नळ्यांत ०.३१६, कधी त्याहूनही जास्त. रशियन ७.६२ चे तेच: जुन्या मापातल्या तीन ‘रेषा’, म्हणजे इंचाचे तीन दशांश, पण मोजलेल्या दोन खाचांमधल्या उंचवट्यांवरून. कवचाची गोळी थोडी सैल असली तरी निभावते. ओतीव गोळी सैल असली की मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे सटकतो, जाताना तिची कूस वितळवतो, आणि तेच शिसे नळीत जाऊन बसते.

जर्मन ८ मिलिमीटरचा गोंधळ याहून गमतीदार आहे. १८८८ च्या रायफलीची गोळी सुमारे ०.३१८ इंचाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार, हलकी गोळी आली ती ०.३२३ ची. फरक पाच हजारांश इंचाचा, कागदाच्या एका पानाहून थोडासा जास्त. पण मोठी कवचाची गोळी जुन्या अरुंद नळीत घातली की दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. ओळख पटावी म्हणून नव्या मापाला ‘एस’ हे अक्षर मिळाले, टोकदार गोळीच्या जर्मन नावावरून. जुन्या मापाला सगळे जग ‘जे’ म्हणते. तो ‘जे’ मुळात ‘जे’ नाहीच. तो ‘आय’ आहे, पायदळाच्या जर्मन शब्दातला पहिला. जुन्या जर्मन छापात मोठा ‘आय’ आणि मोठा ‘जे’ जवळजवळ एकसारखे दिसतात. परक्यांनी ‘जे’ वाचले आणि तेच रूढ झाले. आता दुरुस्त करायला जाणारा ‘आय’ म्हणाला तर ऐकणाऱ्याला वाटते, हे तिसरेच काहीतरी. मोठ्या मापाचे काडतूस कोणी जुन्या अरुंद नळीत घालील या धास्तीपायी अमेरिकी कारखान्यांनी ८ मिलिमीटर माउझरची काडतुसे मुद्दाम सौम्य भरली, आणि मग काडतूसच मुळात दुबळे, असा समज पसरला. दोन मापांना एकच नाव देण्याच्या चुकीची इतकी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल.

यावर जुना आणि अजूनही एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे नळी मोजणे. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीत ठोकायचा आणि सळईने हळूहळू पुढे ढकलायचा. आधी जोर लागतो, मधे कुठेतरी सळई अचानक हलकी सरकते (तिथे नळी झिजलेली), मग पुन्हा घट्ट. बाहेर पडणाऱ्या तुकड्यावर नळीचा उलटा ठसा असतो. चार खाचांच्या नळीत समोरासमोरच्या खाचा मायक्रोमीटरमध्ये धरल्या की झाले. पाच खाचांच्या नळीत मात्र प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येतो, आणि साधा मायक्रोमीटर खरे माप देतच नाही. थ्री नॉट थ्रीच्या कित्येक ‘मोजलेल्या’ नळ्या अशाच चुकीच्या मोजलेल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या रायफली अमेरिकेत टपालाने घरपोच मिळू लागल्या आणि या छंदाला खरे बळ आले. १९६८ च्या कायद्याने ती वाट बंद केली, १९८० च्या दशकात आयात काही प्रमाणात पुन्हा खुली झाली. त्याच दशकांत छापखाने ऑफसेटकडे वळले आणि लायनोटाइपचा, म्हणजे छपाईची अक्षरे ओतणाऱ्या यंत्राचा, धातू मोडीच्या भावात बाजारात आला. ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील: साच्यात सुरेख भरतो आणि साध्या शिशाच्या कितीतरी पट कठीण. मग काय, प्रत्येक दुखण्यावर कठीण गोळी हे औषध झाले. शिसे चढते? आणखी कठीण करा. वास्तविक फार कठीण गोळी सैल असेल तर दाबाखाली फुगून नळी भरण्याची तिची उरलीसुरली शक्यताही जाते. खाचांच्या व्यासाहून हजारांश-दोन हजारांश इंच मोठी, बेताची कठीण गोळी त्याच रायफलीत बरी चालते. दुसरी बाजू मांडणारे आजही आहेत, आणि जास्त वेगासाठी त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

गोळीच्या बुडाला बसवायची तांब्याची छोटी टोपी, म्हणजे गॅस चेक, ही तडजोड विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. तिच्यावर कोणी फारसे भांडत नाही.

पुढे लायनोटाइप संपले. चाकांच्या तोलासाठी लावतात ती शिशाची वजने अनेकांचा आधार होती, पण युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींवर ती बंद केली आणि इतरत्रही पोलाद, जस्त आले. जस्ताचा एखादा तुकडा भांड्यात गेला तर सगळा घाणा बिघडतो, म्हणून जुन्या वजनांचा ढीग वेचणे हेच आता अर्धे काम. अलीकडे मेणाऐवजी गोळीवर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाच्या भुकटीचा थर, भाजून बसवतात. त्या थराने गोळी हजारांश-दोन हजारांश इंच जाड होते. ०.३११ चा जुना साचा घेऊन बसलेल्या थ्री नॉट थ्रीवाल्यांना कोटिंगचा गुण आला तो चकाकीमुळे की या वाढलेल्या जाडीमुळे, हे त्यांच्यातल्या नळी मोजलेल्यांना विचारावे.