इलेक्ट्रिक गिटारची तार तुटते, उतरते, झणझणते तेव्हा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तार तुटली की बहुतेक जण ती कचऱ्यात टाकतात आणि दुकानात येऊन नवा सेट मागतात. आमची विनंती आहे, तुटलेली तार टाकू नका. दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून सोबत आणा. तार कुठे तुटली हे दिसलं की ती का तुटली हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे सांगता येतं. कारण न शोधता नवी तार चढवली तर तीही त्याच जागी तुटते आणि तुमचे पैसे पुन्हा जातात.

मण्याकडचा, म्हणजे तारेच्या टोकाला धातूचा मणी असतो तिकडचा, तुकडा बोटाएवढाच उरला असेल तर तार ब्रिजवरच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागावरच्या) सॅडलवर, म्हणजे तार जिथे टेकते त्या छोट्या तुकड्यावर, तुटली आहे. सर्वांत जास्त तारा इथेच तुटतात. सॅडलच्या खाचेत धातूची बारीक कोर उभी राहते आणि ती तारेला रोज थोडी थोडी कापते. डोळ्यांना ती दिसत नाही. तार काढून कापसाचा छोटा बोळा त्या खाचेतून ओढा. एखादा तंतू अडकून राहिला तर कोर तिथेच आहे. हजार नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर गुंडाळून तारेच्या दिशेनेच, अगदी हलक्या हाताने, चार-सहा वेळा फिरवा आणि कापसाने पुन्हा तपासा. खाच खोल करायची नाही, फक्त गुळगुळीत करायची आहे.

खुंटीपाशी तुटली असेल तर दोन गोष्टी बघा. खुंटीच्या भोकाची कड धारदार आहे का, आणि तार गुंडाळताना वेढे एकमेकांवर चढले होते का. वेढे वरून खाली, एकाशेजारी एक बसले पाहिजेत. जाड तारांना दोन-तीन वेढे पुरतात, बारीक तारांना एखादा जास्त द्या. मधेच, फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) वर तुटली असेल तर तार जुनी झाली होती. तिच्या खालच्या बाजूने नख फिरवा, फ्रेटवर घासून पडलेले खड्डे लागतील. अशा वेळी एकच तार बदलू नका, पूर्ण सेट बदला. एक नवी आणि पाच जुन्या तारांचा आवाज कधी जुळत नाही.

आता आमच्या भागातलं खास कारण. लग्नसराईत सकाळीच फोन येतो, "भाऊ, तार तुटनी!" चौकशी केली तर कळतं की गायकाची पट्टी काळी एक किंवा सफेद दोन होती, आणि कॉर्ड तेच धरता यावेत म्हणून गिटारच्या सहाही तारा चढवल्या होत्या. तारेवरचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा सूर चढवला तर ताण सुमारे १२ टक्के वाढतो, पूर्ण सूर चढवला तर सुमारे २६ टक्के. पहिली तार नऊच्या (०.००९ इंचाच्या) सेटमध्ये जेमतेम ०.२३ मिलिमीटर जाड असते, ती आधीच बरीच ताणलेली असते. शिवाय सहाही तारांचा वाढलेला ताण नेक (गिटारची मान) पुढे ओढतो. पट्टी बदलायची असेल तर कॅपो, म्हणजे नेकवर बसवून सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावा. कॅपो तारांच्या सेटपेक्षा फार महाग नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो.

सूर उतरत असेल तर

खुंट्या खराब आहेत असं समजून लोक खुंट्या बदलायला येतात. खरा दोष बहुतेक वेळा नटमध्ये, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीत, असतो. खुंटी पिळताना आधी काहीच होत नाही आणि मग एकदम "टिच्" असा आवाज होऊन सूर उडी मारतो, म्हणजे तार नटच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला करून खाचेत टूबी पेन्सिलचं शिसं घासा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. खोबरेल, मशीनचं तेल किंवा रॉकेल कृपया कुठेही लावू नका. त्यावर धूळ बसते आणि जाड तारांच्या वेटोळ्यांत शिरून आवाज मरतो.

नवी तार पहिले काही तास उतरतेच. स्वरात लावल्यावर बाराव्या फ्रेटपाशी दोन बोटांनी हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, असं तीन-चार वेळा करा. आणि सूर नेहमी खालून वर आणा. चढला असेल तर आधी थोडा उतरवा, मग वर न्या, नाहीतर खुंटीतली ढील तशीच राहते.

झणझण आणि ऋतू

खान्देशातल्या हवेत गिटारचं लाकूड वर्षभर हलतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, नेक मागे जातो आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार झणझणते. याच दिवसांत फ्रेटची टोकंही हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात उलट होतं. नेक पुढे वाकतो, तारा उंच होतात, बोटं दुखतात. म्हणून झणझण ऐकू आली की लगेच ब्रिज उंच करू नका. आधी नेक तपासा. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट बघा. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असेल तर नेक ठीक आहे. फट अजिबात नसेल किंवा फार मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक ठरवणारी सळई) फिरवावा लागतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. ॲलन की बळ लावून फिरवावी लागत असेल तर थांबा आणि गिटार आमच्याकडे आणा. तुटलेल्या ट्रस रॉडचं काम फार खर्चिक असतं.

बँडच्या टेम्पोत, बंद केबिनमध्ये, दुपारच्या उन्हात गिटार ठेवू नका. वाजवून झाल्यावर घामाच्या तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसा. आमच्याकडे येणाऱ्या गंजलेल्या तारांपैकी बहुतेक तारा एवढ्याने वाचल्या असत्या.

आवाजच येत नसेल तर

सेटचं पाकीट वाचा. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचा त्यांची कंपनं टिपणारा भाग, चुंबकावर चालतो, त्याला पोलादाची किंवा निकेल चढवलेल्या पोलादाची तार लागते. नायलॉनची तार लावली तर पिकअपला ती कळतच नाही. अकूस्टिकची ब्राँझ तार लावली तर जाड तारा दबलेल्या आणि बारीक तारा मोठ्याने वाजतात. जाड तारांचा सूर डगमगत असेल, एकाच तारेतून दोन सूर ऐकू येत असतील, तर पिकअप तारेच्या फार जवळ आहे. बाजूचे स्क्रू फिरवून तो खाली घ्या.

तारेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर

हे नीट वाचा. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थच्या वायरला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर ॲम्पची (ॲम्प्लिफायरची) गुणगुण कमी होते, ते साहजिक आहे. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर आतली अर्थची वायर सुटलेली असण्याची शक्यता आहे, ते छोटं काम आहे. पण तारेला हात किंवा माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर वाजवणं त्याच क्षणी थांबवा आणि ॲम्पचा प्लग काढा. दोष गिटारचा नसून मंडपाच्या वायरिंगचा, ॲम्पचा किंवा अर्थ नसलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा असतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला ॲम्प आम्ही अनेकदा पाहिला आहे. ती पिन जीव वाचवण्यासाठीच असते. हातात गिटार आणि ओठाशी माइक असताना करंट छातीतून जातो. मंडपवाल्याशी वाद घालायची वेळ आली तरी चालेल, अर्थ असल्याशिवाय वाजवू नका.

सेटिंगसाठी गिटार आणताना तारा लावलेल्याच आणा, ताणाशिवाय नेक तपासता येत नाही. ट्रस रॉड फिरवल्यावर लाकूड बसायला वेळ लागतो, त्यामुळे गिटार एक रात्र दुकानात ठेवावी लागेल. शहादा, नवापूर, चोपड्याकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून यावं, म्हणजे तुमची फेरी वाया जाणार नाही.