पाण्याला वास येतोय? टाकी उतरवण्याआधी नळी बघा

पिण्याच्या पाण्यासाठी टाकी, पाइप आणि नळी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"नवी टाकी बसवली आणि पाण्याला औषधासारखा वास मारतोय, बदलून द्या." उन्हाळ्यात ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. गच्चीवरून टाकी उतरवायची, टेम्पो करून दुकानात आणायची, दुसरी चढवायची, आणि एवढं करून वास तसाच. कारण बहुतेक वेळा दोष टाकीचा नसतो. नळापासून संपापर्यंत (जमिनीतल्या टाकीपर्यंत) किंवा मोटरीपासून टाकीपर्यंत जोडून ठेवलेल्या मऊ हिरव्या नळीचा असतो.

पीव्हीसी मुळात कडक असतं. ते वाकावं म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर मिसळतात, आणि तोही थोडाथोडका नाही. बागेच्या मऊ नळीत वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असू शकतो. तो पीव्हीसीशी घट्ट बांधला जात नाही, हळूहळू सुटत राहतो आणि ऊन लागलं की जास्त सुटतो. स्वस्त नळीत भंगार प्लास्टिकही असतं. त्यातून फिनॉलच्या जातीचे पदार्थ सुटले आणि पाण्यातल्या क्लोरीनला भेटले की औषधी वासाचे क्लोरोफिनॉल तयार होतात. ते लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम असले तरी जिभेला कळतात. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी क्लोरीन घालूनच बेळगावात येतं. म्हणून त्याच नळीतून आलेल्या बोअरच्या पाण्याला हा वास येत नाही, नळाच्या पाण्याला येतो, आणि दोष नळाच्या पाण्यावर नाहीतर टाकीवर जातो. बोअरच्या पाण्याला वास नाही म्हणून नळी चांगली, असंही समजू नका. प्लास्टिसायझर त्यातही उतरतोच.

टाकीला हात लावण्याआधी घरीच तपासा. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या थेट नळाच्या पाण्याने भरा. एकीत नळीचा बोटभर तुकडा उभा चिरून टाका, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींना झाकण लावून चोवीस तास ठेवा आणि मग वास घ्या. तुकड्याच्याच बाटलीला वास आला तर नळी बदला. दोन्हींना आला तर दोष तुमच्या घराच्या बाहेर आहे. एकीलाही आला नाही, तर टाकीच्या आउटलेटवरून बाटलीभर पाणी आमच्याकडे घेऊन या. मग टाकीचं आम्ही बघतो.

नळीऐवजी काय लावायचं? जिथे जोड कायमचा आहे तिथे निळ्या रेषांचा काळा पीई (पॉलिथिलीन) पाइप, आय.एस. (भारतीय मानक) ४९८४ चा. २० मिलिमीटरचा घेतला तर कॉम्प्रेशन फिटिंग हाताने आवळता येतं, सांधा चिकटवायचं सोल्युशन लागत नाही. फक्त ४०–५० सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका, पाइप मुडपतो. मऊ नळीच लागत असेल, तर पिण्याच्या पाण्यासाठीची म्हणून छापलेली घ्या. नुसता "फूड ग्रेड" स्टिकर आम्ही पुरेसा धरत नाही. पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या पीव्हीसीचं मानक आय.एस. १०१५१ आहे, तो आकडा विचारा. अशी नळी महाग पडते, हे खरं. म्हणूनच नळी कापण्याआधी आम्ही "बागेला की प्यायला?" असं विचारतो. घाईच्या गिऱ्हाइकाला ते आवडत नाही, पण कापलेली नळी परत घेता येत नाही.

पाइपाचा रंग बघून घेऊ नका, अंगावरचा छाप वाचा. घराच्या नळाला आय.एस. ४९८५ (यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी), १५७७८ (सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारं पीव्हीसी) किंवा ४९८४ (पीई). १३५९२ हा सांडपाण्याचा. १२७८६ ठिबक सिंचनाच्या नळीचा (लॅटरलचा), १४१५१ तुषार सिंचनाचा. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या मळ्यात टाकून उरलेला काळा पाइप घराला जोडतात. तो मळ्यातच राहू द्या. छाप नसलेला पीव्हीसी पाइप आम्ही पिण्याच्या पाण्यासाठी देतच नाही. पीव्हीसी बनवताना ते उष्णतेने बिघडू नये म्हणून शिशाचे क्षार घालायची जुनी रीत आहे, आणि पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. शिशाच्या या वापरावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. शिशाऐवजी कॅल्शियम-झिंक घातलेला पाइप मिळतो, तो मागा.

सोलरच्या गरम पाण्याला यूपीव्हीसी लावू नका, मऊ पडून सांध्यातून सुटतो. तिथे सीपीव्हीसी, आणि त्याला सीपीव्हीसीचंच सोल्युशन.

वासाचं दुसरं कारण हेच सोल्युशन. पातळ थर पुरतो. डबा ओतल्यासारखं लावलं की जास्तीचं आत ढकललं जातं, तिथेच साचतं आणि आठवडाभर पाण्याला वास देत राहतं. सांधा करून अर्धा मिनिट दाबून धरा, चोवीस तास पाणी सोडू नका. नंतर सगळ्यात लांबचा नळ पंधरा मिनिटं पूर्ण उघडा ठेवा. लोखंडी आट्यांवर सुतळी-सफेदा नको, सफेद्यात शिसं असू शकतं. टेफ्लॉन टेप वापरा.

टाकी घेताना आय.एस. १२७०१ बघा. कारखान्यातून आलेले जुने निळे ड्रम पाण्याला घेऊ नका, कितीही सोड्याने धुतले तरी. ड्रमचं एचडीपीई प्लास्टिक चांगलंच असतं, पण आधी भरलेलं रसायन त्याच्या अंगात मुरलेलं असतं आणि ते धुण्याने निघत नाही.

दुकानात येताना जुन्या पाइपाचा बोटभर तुकडा आणि छापाचा फोटो आणा. "अर्धा इंच" एवढ्यावर भागत नाही: बाहेरून मोजलं तर सीपीव्हीसीचा अर्धा इंच सुमारे १६ मिलिमीटर भरतो, प्लंबिंगच्या यूपीव्हीसीचा सुमारे २१, आणि पीई २० च्या मापाने विकला जातो. चुकीचं फिटिंग गेलं, तर न वापरलेलं बिलासह आठ दिवसांत बदलून देतो.