मीठ, कांचन आणि सहा वाजताची गोळी

माझ्या मावशीच्या ओट्यावर चहाच्या डब्याला टेकून एक छोटी बाटली असते. थायरॉईडच्या शंभर गोळ्यांची, झाकण कायम अर्धवट लावलेलं. "मला थायरॉईड आहे," असं ती सांगते. तसा तो सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराचा, जेमतेम २० ग्रॅमचा. तिला म्हणायचं असतं की तो सुस्तावलाय. गेल्या वर्षी तिने त्याला जागं करायची मोहीम काढली. घरातलं आयोडीनचं मीठ गेलं आणि शेंदेलोण आलं. सकाळी धन्याचं पाणी सुरू झालं. कांचनार गुग्गुळ आलं, तेही वैद्यांना न विचारता, दुकानातून परस्पर. आणि न्यू जर्सीहून मुलाने समुद्रशेवाळाच्या गोळ्या पाठवल्या, बाटलीवर मोठ्या अक्षरांत "नैसर्गिक आयोडीन".

म्हणजे मिठातलं आयोडीन बंद आणि गोळीतलं सुरू. यात विसंगती आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आयोडीनची गोष्ट मुळात शेवाळापासूनच सुरू होते. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होता. त्यासाठी समुद्रशेवाळाची राख वापरायचा. एकदा त्या राखेच्या अर्कात गंधकाम्ल जरा जास्तच पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली. ती वाफ थंड होऊन चकाकणारे काळसर स्फटिक जमले. जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरूनच या मूलद्रव्याला आयोडीन हे नाव मिळालं.

युरोपातले वैद्य त्याआधी कित्येक शतकं गलगंडावर जळलेल्या समुद्री स्पंजाची राख देत होते, आणि चीनमध्ये चौथ्या शतकातही शेवाळ दिलं जात होतं. गुण येत होता, पण का येतो ते कुणाला ठाऊक नव्हतं. जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने अंदाज बांधला की राखेतली खरी कामाची वस्तू आयोडीनच असणार. १८२० मध्ये त्याने रोग्यांना थेट आयोडीनच द्यायला सुरुवात केली. गळ्याच्या गाठी आठवड्यांत ओसरू लागल्या. पण काही रोग्यांच्या छातीत धडधड सुरू झाली, वजन उतरू लागलं. मात्रा चुकली की आयोडीन काय करतं, याची पहिली नोंदही त्याच शहरातली.

थायरॉईडला आयोडीन कशाला लागतं? त्याचं मुख्य संप्रेरक म्हणजे थायरॉक्सिन, डॉक्टर त्याला टी-४ म्हणतात. त्यातला ४ हा आकडा आयोडीनच्या चार अणूंचा. त्यातला एक अणू गळून पडला की टी-३ तयार होतं आणि पेशींमध्ये खरं काम ते करतं. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोटाची चाल, गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ, सगळ्यांत त्याचा हात. संप्रेरक कमी पडायला लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा तगादा वाढवते. रिपोर्टात टीएसएच वाढलेलं दिसतं ते यामुळे. कच्चा मालच नसेल तर तगाद्याने ग्रंथी फुगत जाते, आणि तेच गलगंड.

आपल्या देशात याचा सगळ्यात सुंदर पुरावा कांगडा खोऱ्यात मिळाला. हिमालयाच्या उतारांवरची माती बर्फाने आणि पावसाने धुऊन निघालेली, त्यामुळे पाण्यात आणि धान्यात आयोडीन नाही. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि मधल्या भागाला साधं. पाच-सहा वर्षांत दोन भागांतल्या शाळकरी मुलांमधला गलगंड निम्म्याच्या आसपास आला. मधला भाग होता तिथेच राहिला. मग त्यांनाही तेच मीठ दिलं. त्याच अभ्यासाच्या जोरावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

"पण आपण तर समुद्राकाठचे," असं कोकणातले नातेवाईक म्हणतात. इथे थोडं गणित करू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि आयोडीन फार तर ६० मायक्रोग्रॅम. म्हणजे मिठागरात सगळंच्या सगळं आयोडीन खड्यात उतरलं असं धरलं, तरी ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमही होत नाही. प्रत्यक्षात बरंचसं मागे उरलेल्या कडवट पाण्याबरोबर निघून जातं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात घरी येईपर्यंत ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम उरावं असा नियम आहे. उरलेलं दूध, मासे, अंडी यांतून येतं. शेंदेलोण म्हणजे जुन्या आटलेल्या समुद्राचं डोंगरातलं मीठच, त्यामुळे त्याच्याकडूनही आयोडीनची फारशी आशा नको. उपवासाला ठीक आहे, बारा महिने तेच खाण्यात शहाणपण नाही, घरात कुणी गरोदर असेल तर मुळीच नाही.

आशाताईंकडे, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांकडे, मीठ तपासायची एक छोटी बाटली असते. चमचाभर मिठावर तिच्यातला एक थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ निळंजांभळं होतं, आणि सोबतच्या पट्टीवरच्या रंगांशी ताडून पाहायचं. आयोडीन आणि स्टार्च एकत्र आल्यावर उमटणारा हा रंग. मावशीच्या शेंदेलोणावर थेंब पडला आणि ते पांढरं ते पांढरंच राहिलं.

पण मावशीचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा होता का? नव्हता. तिच्या रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती, म्हणजे हाशिमोटोचा आजार. जपानच्या हाशिमोटो या तरुण शल्यविशारदाने १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉईडचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली दिसली. शरीराचे पहारेकरीच घरात शिरून मोडतोड करतात, हे समजायला पुढे १९५६ उजाडावं लागलं. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या एका पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाचा थायरॉईड मंद आढळला होता. आयोडीनचं मीठ घरोघर पोचलेल्या शहरांत यांतल्या बहुतेकांना आणखी आयोडीन देऊन काही साधत नाही. भट्टीच मोडली असेल तर लाकडं जास्त आणून काय होणार?

उलट नुकसान होऊ शकतं. आयोडीनचा एकदम मारा झाला की ग्रंथी काही दिवस उत्पादनच थांबवते. हा तिचा बचाव आहे. निरोगी ग्रंथी लवकरच पूर्ववत होते, पण हाशिमोटोने पोखरलेलीला ते जमेलच असं नाही. कोंबू जातीच्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅमच्याही वर आयोडीन सापडू शकतं, आणि दुसऱ्या एखाद्या शेवाळात त्याचा शंभरावा भाग. जपानमध्ये होक्काइडोच्या किनाऱ्यावर भरपूर शेवाळ खाणाऱ्यांना त्यापायीच गलगंड झाले होते. काही जपानी रुग्णांची ग्रंथी तर नुसतं शेवाळ थांबवल्यावर पुन्हा कामाला लागली.

आता वनस्पतींकडे. कांचन आपल्या ओळखीचा आहे, दसऱ्याला आपटा म्हणून बाजारात त्याचीच मोठी पानं खपतात. कांचनार गुग्गुळ जुन्या ग्रंथांत येतं ते मुख्यतः गंडमाळेसाठी, म्हणजे मानेतल्या गाठींसाठी. गाठ आणि संप्रेरकाची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं. "थायरॉईडवर आयुर्वेदिक" म्हणून ते विकणं हा अलीकडचा उद्योग. अश्वगंधेचं जरा निराळं आहे. टीएसएच किंचित वाढलेल्या ५० जणांवर आठ आठवडे केलेल्या एका चाचणीत आकडे सुधारले. पण ५० माणसं म्हणजे फारच थोडी, आणि अश्वगंधा घेऊन थायरॉईड अतिवेगाने धावू लागल्याच्याही नोंदी आहेत.

काढ्यांना यश मिळतं ते आणखी एका कारणाने, आणि मला तेच सगळ्यात गमतीचं वाटतं. टीएसएच दिवसभर हलत असतं, रात्री चढतं आणि दुपारी उतरतं. आजारपणातून उठताना काही दिवस वाढतं. किंचित वाढलेलं टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर बऱ्याच जणांचं आपोआप जागेवर आलेलं असतं. मधल्या काळात धन्याचं पाणी प्यायला असाल तर श्रेय धन्याला.

कोबी-फ्लॉवरने थायरॉईड बिघडतो ही भीती मात्र सोडून द्या. शिजवल्यावर त्यांचा त्रास बराच कमी होतो. बाजरीतली काही द्रव्यं प्रयोगांत थायरॉईडला अडवतात हे खरं, पण तो प्रश्न सुदानच्या दारफूरसारख्या, बाजरीच मुख्य अन्न आणि आयोडीनही कमी अशा ठिकाणचा. भोगीची भाकरी बिनधास्त खा.

राहिली गोळी. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरेने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क थायरॉईड मंदावलेल्या एका बाईला टोचायला सुरुवात केली आणि ती पुढे २८ वर्षं जगली. अमेरिकेत आजही डुकराच्या वाळवलेल्या थायरॉईडची भुकटी "नैसर्गिक" म्हणून मिळते. पण त्यात टी-३ चं प्रमाण माणसाच्या ग्रंथीपेक्षा कितीतरी जास्त असतं. निसर्ग खराच, पण डुकराचा. कारखान्यातली गोळी मात्र रेणूसाठी रेणू आपलंच थायरॉक्सिन असते.

गोळी चालू असूनही मावशीचं टीएसएच चढलेलं होतं ते यासाठी की ती गोळी चहासोबत घ्यायची, आणि अर्ध्या तासात हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी. दोन्हींमुळे थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषलं जात नाही. डॉक्टरांनी मात्रा न वाढवता वेळा बदलल्या. सहाला उठल्यावर गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्री. शेवाळ बंद, मीठ परत आयोडीनचं. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला तो ठीक होता. धन्याचं पाणी ती अजूनही पिते, डॉक्टर म्हणाले पिऊ दे. बाटली तेवढी चहाच्या डब्याजवळून उचलून उशाशी ठेवली आहे.