मॉरिशसमधील जलसर्वेक्षण आणि सागरी नकाशे

मॉरिशसची जमीन सुमारे २,०४० चौ. किमी., म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. सेशेल्सबरोबर सामायिक असलेला सागरतळ धरला, तर त्याच्या हक्काचा समुद्र मात्र २३ लाख चौ. किमी.च्या घरात जातो. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सातपटीहून जास्त. या समुद्राची खोली, तळाची वाळू वा प्रवाळ, ओहोटीला उघडे पडणारे खडक, भरती-ओहोटी आणि प्रवाह मोजून त्यावरून जहाजांसाठी नकाशे तयार करणे म्हणजे जलसर्वेक्षण. जलसर्वेक्षणाची पुरेशी साधने जवळ नसलेल्या छोट्या देशाचा समुद्र बहुतेक वेळा परक्यांनीच मोजलेला असतो. मॉरिशसचा आधी फ्रेंचांनी मोजला, मग इंग्रजांनी, आणि अलीकडे भारतीय नौदल मोजत आहे.

मुख्य बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचे कडे आहे. कड्याच्या आत उथळ, नितळ पाणी आणि बाहेर थोड्याच अंतरावर एकदम खोल समुद्र. आत-बाहेर करायला कड्यात ठिकठिकाणी खिंडी आहेत. स्थानिक लोक फ्रेंच वळणाने त्यांना ‘पास’ म्हणतात. शिवाय पूर्वेला रॉड्रिग्ज, ईशान्येला सेंट ब्रँडन (जुने नाव कारगाडोस काराजोस), उत्तरेला सुमारे हजार किमी. वर आगालेगा आणि त्याहून कितीतरी दूर चागोस असा पसारा आहे. सेंट ब्रँडन म्हणजे वाळूची बुटकी बेटे आणि लांबलचक प्रवाळखडक. जहाजावरून ते दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. राजधानी पोर्ट लुईला उधाणाच्या दिवशीही भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. कोकणात ओहोटीला खडक उघडा पडतो आणि आपली जागा दाखवतो. मॉरिशसचा खडक बराचसा पाण्याखालीच राहतो.

अठराव्या शतकात बेट फ्रेंचांकडे होते. लाकाय या खगोलज्ञाने १७५३ मध्ये येथे मोजणी केली. खगोलज्ञांचा संबंध यासाठी, की जमीन दिसत नसताना रेखांश काढणे हा त्या काळचा सर्वांत अवघड हिशोब होता. खोली बरोबर पण जागा चुकलेली, असे खडक जुन्या नकाशांवर कितीतरी होते. याचा फटका जेम्स हॉर्सबर्ग या स्कॉटिश खलाशाला बसला. १७८६ मध्ये तो ‘अ‍ॅटलस’ या जहाजावर बटाव्हियाहून (आजचे जकार्ता) श्रीलंकेकडे निघाला होता. हाताशी असलेल्या नकाशांनी दगा दिला आणि जहाज चागोसमधील दिएगो गार्सियावर फुटले. त्यानंतर त्याने आयुष्यभर नकाशे दुरुस्त केले आणि १८१० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा जलसर्वेक्षक झाला. त्याच १७८६ साली मुंबईहून कंपनीची एक मोहीम चागोसला गेली. तिच्यासोबतच्या आर्चिबाल्ड ब्लेअरने तेथील मोजणी केली. पुढे मालदीवची मोजणी आटोपून रॉबर्ट मॉरेस्बी १८३७ मध्ये चागोसला आला, तोही मुंबईच्याच आरमारातला. त्याच दशकात मुंबई बंदरातून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर पोर्ट लुईला जाऊ लागले होते. रत्नागिरीकडून गेलेले मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचे पूर्वज याच समुद्रावरून आले.

त्या काळची मोजणी हाताने होई. दोरीच्या टोकाला शिशाचा ओळंबा, दोरीवर वावांच्या खुणा. (कोकणातले मच्छीमारही खोली वावातच सांगतात. पसरलेल्या दोन्ही हातांचे ते अंतर, साधारण सहा फूट.) ओळंब्याच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. ओळंबा तळाला टेकून वर आला की चरबीला चिकटलेली वाळू, शिंपला किंवा प्रवाळाचा कण पाहून तळाची जात नकाशावर लिहिली जाई. एक आकडा म्हणजे एक ओळंबा. दोन आकड्यांच्या मधे काय आहे ते कोणीच पाहिलेले नसे, आणि प्रवाळाचा खांब तर खोल पाण्यातूनही सरळ वर येऊ शकतो.

सागरी नकाशाच्या इतिहासातली एक विचित्र कैदही मॉरिशसचीच. ऑस्ट्रेलियाची किनारपट्टी आखून परतणारा इंग्रज नौदल अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स डिसेंबर १८०३ मध्ये दुरुस्तीसाठी येथे थांबला. त्याचा परवाना ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाच्या नावे होता आणि तो आला होता ‘कंबरलँड’ मधून. फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने त्याला हेर ठरवून साडेसहा वर्षे अडकवून ठेवले. १८१० मध्ये त्याची सुटका झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आग्नेय किनाऱ्यावरील ग्राँ पोर्टच्या उपसागरात फ्रेंचांवर चालून आलेले इंग्रज आरमार खडकांवर चढले. फ्रेंचांनी वाटेच्या खुणा हलवल्या होत्या. ‘सिरियस’ आणि ‘मॅजिसिएन’ ही जहाजे रुतली आणि खलाशांनी ती स्वतःच पेटवून दिली. त्याच डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतले, ते दुसऱ्या बाजूने, उत्तरेकडून उतरून.

मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, तरी नकाशे ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीचेच राहिले. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणानुसार जलसर्वेक्षणाची सोय करणे किनारी देशाचे कर्तव्य ठरते, पण त्यासाठी लागणारे जहाज, उपकरणे आणि माणसे छोट्या देशाला परवडत नाहीत. मॉरिशसमध्ये गृहनिर्माण व भूमी मंत्रालयाखाली एक छोटा जलसर्वेक्षण विभाग आहे आणि देश आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचा सदस्य आहे. प्रत्यक्ष मोजणीसाठी २००५ मध्ये भारताशी करार झाला. तेव्हापासून भारतीय नौदलाची सर्वेक्षण जहाजे येथे येतात आणि नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात तयार होतात. गोव्यातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफीत हिंदी महासागरातील देशांचे अधिकारी शिकायला येतात. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या आणि २००२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘सर्वेक्षक’ने अलीकडे मॉरिशसचा २५,००० चौ. सागरी मैलांहून अधिक टापू मोजला. मार्च २०२५ मध्ये सेंट ब्रँडनचा नकाशा मॉरिशसच्या पंतप्रधानांकडे सुपूर्द झाला आणि सप्टेंबरमध्ये हे सहकार्य पुढील पाच वर्षांसाठी ठरले. नकाशा देण्याचा हा समारंभ शिष्टाचाराचा वाटतो, पण कोणत्या देशाच्या जहाजाला आपला समुद्र मोजू द्यायचा, हा निर्णय संरक्षणाचाही असतो. ज्याने तळ मोजला त्याला पाणबुडीच्या वाटाही कळतात.

आजच्या जहाजाच्या तळाशी बहुशलाका ध्वनिमापक असतो. तो एका वेळी शेकडो ध्वनिकिरणे पंख्यासारखी सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मी. जातो, ४,००० मी. खोल तळावरून तो परतायला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण तापमान आणि क्षारता बदलली की वेगही बदलतो, म्हणून दिवसातून अनेकदा एक उपकरण तळापर्यंत सोडून पाण्याच्या थरांतला ध्वनिवेग तपासावा लागतो. जहाजाचे हेलकावे आणि भरतीची पातळीही वजा करावी लागते. एका फेरीत मोजला जाणारा पट्टा खोलीच्या साधारण तीन-चार पट रुंद असतो, आणि खरी गोम येथेच आहे. ४,००० मी. खोलीवर एका फेरीत बारा किमी.हून रुंद पट्टा उरकतो. दहा मीटर खोलीवर जेमतेम तीस-चाळीस मीटरचा. जहाजे फुटतात ती उथळ पाण्यात, आणि वेळ लागतो तोही तिथेच. कड्याच्या आत तर मोठे जहाज जाऊच शकत नाही, तिथे छोट्या होड्या फिरवाव्या लागतात. पाणी नितळ असल्याने विमानातून लेझर सोडून किंवा उपग्रहचित्रांवरून उथळ तळाचा अंदाज घेता येतो, पण उपग्रहावरून काढलेल्या आकड्यावर जहाज सोडायला कोणी कप्तान सहसा धजावत नाही.

इलेक्ट्रॉनिक नकाशावर प्रत्येक टापूच्या मोजणीची खात्री तारकांनी दाखवतात: सहा तारका म्हणजे सर्वांत भरवशाची, दोन म्हणजे कच्ची. तीन तारकांची पायरी घेतली, तर नकाशावरचा खडक पाचशे मीटर इकडे-तिकडे असू शकतो. पडद्यावरची रेघ मात्र दोन्हीकडे सारखीच ठळक दिसते.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे सुमारे ३०० मी. लांबीचे मालवाहू जहाज पॉइंट देस्नीजवळ प्रवाळावर चढले. १८१० मध्ये इंग्रज जहाजे रुतली त्या ग्राँ पोर्टच्या शेजारीच. सुमारे १,००० टन तेल पाण्यात गेले. बेटापासून २२ सागरी मैल दूरचा ठरलेला मार्ग खलाशांनी मोबाइलचे नेटवर्क मिळावे म्हणून पाच मैलांवर आणला होता, आणि किनाऱ्याचा तपशील दाखवणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा जहाजावर वापरलाच गेला नाही. (मोठ्या प्रमाणाचा नकाशा लहान टापू दाखवतो, नवख्याला हे उलटे वाटते.) येथे दोष सर्वेक्षणाचा नव्हता. असलेला नकाशा वापरला गेला नव्हता.

नकाशाचा दुसरा उपयोग हद्दीसाठी होतो. ओहोटीला उघडा पडणारा खडक काही अटींवर देशाच्या समुद्राची आधाररेषा, म्हणजे जिथून हद्द मोजतात ती रेषा, बनू शकतो. तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या चागोसमधील ब्लेनहाइम रीफ (प्रवाळखडक) ओहोटीला किती उघडा पडतो हे मोजण्यासाठी मॉरिशसने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःची मोहीम नेली आणि त्याच मोहिमेत चागोसच्या बेटांवर आपला झेंडाही लावला. मालदीवबरोबरचा सागरी हद्दीचा वाद आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाच्या विशेष पीठासमोर होता. २८ एप्रिल २०२३ च्या निकालात पीठाने दोन देशांमधील मध्यरेषा आखताना ब्लेनहाइम रीफवर आधारबिंदू धरले नाहीत, आणि वादातला समुद्र दोघांत जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला गेला.