केकवरची चारशे ग्रॅमची पोकळी

मे महिन्यातली बडोद्याची दुपार. पुतणी मांजलपूरहून स्कूटरवर केकचा डबा घेऊन दांडिया बाजारात आमच्या घरी आली, तेव्हा केक शाबूत होता, पण त्यावरचं फ्रॉस्टिंग ओघळून डब्याच्या तळाशी बसलं होतं. बदामाच्या पिठाचा, गाजर किसून घातलेला, चमचाभरही साखर नसलेला केक. मला मधुमेह आहे म्हणून तिने खास केलेला. "काका, चव तर बघा ने," ती म्हणाली. (बडोद्याच्या मराठीत हा 'ने' वाक्याच्या शेवटी कुठूनही टपकतो. आम्हाला तो ऐकूही येत नाही.) चव बघितली. क्रीम चीजचा आंबूसपणा छान उतरला होता. मग दाताखाली वाळूसारखं कचकचलं आणि जिभेवर पेपरमिंटची गोळी ठेवल्यासारखा गारवा पसरला. पेपरमिंट तर त्यात नव्हतंच.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. असा प्रश्न आपल्या पायांनी घरी चालत आला तर सोडतो कोण?

आधी मूळ पदार्थ काय आहे ते बघू. क्रीम चीज अमेरिकेतलं. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स यांनी ते १८७२च्या सुमारास बनवायला घेतलं असं मानतात. तिकडच्या नियमाप्रमाणे त्यात स्निग्धांश निदान ३३ टक्के हवा आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर नको. त्याचं फ्रॉस्टिंग करताना साधारण २०० ग्रॅम क्रीम चीज, १०० ग्रॅम लोणी आणि तब्बल ४०० ग्रॅमपर्यंत आयसिंग शुगर घालतात. म्हणजे केकवर जो पांढराशुभ्र थर दिसतो, त्यात निम्म्याहून जास्त साखरच. बारा तुकडे केले तर एकेका तुकड्यावर तेहेतीस ग्रॅम, चहाचे आठ चमचे. चहात कुणी आठ चमचे साखर घालू लागला तर आपण त्याचा हात धरू.

ही साखर काढून गोडवा तेवढा ठेवायचा, हे आज मुळीच अवघड नाही. त्याचं श्रेय एका मराठी आडनावाकडेही जातं. १९७६ साली शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्या हाताखाली साखरेच्या रेणूवर क्लोरीनचे अणू चढवण्याचं काम करत होते. अशा एका भुकटीची चाचणी घ्यायला त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी ती चाखायला सांगितली असं ऐकलं, अशी गोष्ट सांगतात. मराठीत test (चाचणी) आणि taste (चव) हे दोन्ही इंग्रजी शब्द 'टेस्ट' असेच लिहितात, त्यामुळे तो घोटाळा आपल्याला चटकन पटतो. प्रयोगशाळेतली भुकटी जिभेवर ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं. फडणिसांच्या त्या धाडसातून मात्र सुक्रालोज मिळालं, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड.

आता हिशोब करा. चारशे ग्रॅम साखरेचा गोडवा द्यायला सुक्रालोज किती लागेल? पाऊण ग्रॅमही नाही. मग उरलेले तीनशे नव्याण्णव ग्रॅम फ्रॉस्टिंगमध्ये काय करत होते?

ते मला पुरणयंत्राने फार पूर्वी दाखवलं होतं, फक्त तेव्हा उमजलं नव्हतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे चक्का टांगलेला असायचा. शेजारचे गुजराती लोक त्याला मस्को म्हणतात. सकाळी यंत्राचा दांडा फिरवण्याचं काम माझ्याकडे. चक्का घट्ट, कोरडा, यंत्रातून शेवेसारखा पडणारा. साखरही कोरडी. पण दोन्ही एकत्र कालवून ठेवले की पंधरा मिनिटांत पातेल्यातला ऐवज सैल झालेला असे. दोन कोरड्या वस्तू मिसळल्यावर पातळ काय होतं, हे मला तेव्हा जादूसारखं वाटायचं.

चक्का कोरडा नसतोच. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, पण ते केसीन या प्रथिनाच्या जाळीत अडकलेलं असतं. दूध आंबून आम्लता पीएच ४.६च्या आसपास आली की केसीनचे कण एकमेकांना धरतात आणि ही जाळी तयार होते. चक्क्यात तीच, क्रीम चीजमध्येही तीच. साखर आली की जाळीतल्या पाण्याला बाहेर ओढते, त्यात विरघळते आणि पाक होतो. शिवाय विरघळलेली साखर जागा सोडत नाही: एका ग्रॅममागे ०.६ मिलिलिटरच्या आसपास जागा तिला लागतेच. म्हणजे शंभर ग्रॅम साखर विरघळली की भांड्यातला द्रव साठेक मिलिलिटरने वाढला.

मग चारशे ग्रॅम साखर घातलेलं फ्रॉस्टिंग उभं कसं राहतं? इथे मला खरी गंमत वाटते. दोनशे ग्रॅम क्रीम चीजमध्ये पाणी एकशे आठ-दहा ग्रॅम. साखर पाण्याच्या दुपटीने विरघळते, म्हणजे फार तर दोनशेवीस ग्रॅम. पुढची साखर विरघळायला पाणीच उरत नाही. ती बारीक कणांच्या रूपात राहते आणि वाळू-चुन्यातल्या वाळूसारखी सगळ्याला घट्टपणा देते. आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअरही असतं, तेही पाणी धरतं. थोडक्यात, साखरेचा पहिला अर्धा वाटा फ्रॉस्टिंग पातळ करतो आणि दुसरा अर्धा ते सावरतो. 'सैल झालं तर आणखी साखर घाला' हा बेकरीवाल्यांचा सल्ला यातूनच येतो.

पुतणीने साखरेऐवजी एरिथ्रिटॉल वापरलं होतं, दीडशे ग्रॅम. द्राक्षं, कलिंगडं यांतही ते अल्प प्रमाणात असतं. बाजारात मिळतं ते ग्लुकोजवर यीस्ट वाढवून काढलेलं. गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के. शरीर त्याचा बहुतेक भाग लहान आतड्यातून शोषून घेतं आणि न वापरताच लघवीतून टाकून देतं, म्हणून रक्तातली साखर वाढत नाही. इथपर्यंत सगळं ठीक. पण ते पाण्यात साखरेइतकं विरघळत नाही. साधारण २५ अंश सेल्सिअसला शंभर ग्रॅम पाण्यात जेमतेम साठ ग्रॅम. तिच्या भांड्यातल्या पाण्याने पासष्ट-सत्तर ग्रॅम गिळलं, त्याचा पाक होऊन फ्रॉस्टिंग सैल पडलं, आणि उरलेलं ऐंशी ग्रॅम कणांच्या रूपात दाताखाली आलं. पातळही झालं आणि कचकचीतही. तेलही गेलं, तूपही गेलं.

"पण मी मिक्सरमधून पिठासारखं दळून घातलं होतं," तिने सांगितलं. घातलं असेलच. साधारण २५-३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण जिभेला कळत नाहीत, आणि ताजं फ्रॉस्टिंग तिला मऊच लागलं होतं. मग ते रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं. साखरेची विद्राव्यता थंडीत फारशी उतरत नाही, शून्य अंशालाही शंभर ग्रॅम पाण्यात १८० ग्रॅमच्या आसपास विरघळते. एरिथ्रिटॉलची मात्र झपाट्याने उतरते. दुपारी विरघळलेलं रात्री बाहेर पडतं, आणि पडताना आधीच असलेल्या कणांवर जाऊन बसतं. त्यातही लहान कण विरघळतात आणि मोठे वाढत जातात. फ्रीजरमध्ये महिनाभर विसरलेलं आइस्क्रीम खरखरीत होतं, तसंच हे. सकाळपर्यंत पिठाचा रवा झालेला असतो.

गारव्याचं कारणही हे कणच. पदार्थ विरघळताना काही वेळा आजूबाजूची उष्णता शोषतो. एरिथ्रिटॉल एका ग्रॅमला सुमारे १८० ज्यूल शोषतं, साखरेच्या जवळजवळ दहापट. ती उष्णता आपल्या जिभेची. आधीच विरघळलेलं एरिथ्रिटॉल हा गारवा देत नाही, तोंडात विरघळणारंच देतं. त्यामुळे कचकच आणि गारवा एकत्र येतात आणि एकत्रच जातात.

गारवा पूर्णपणे गेला नाही तर त्याला सोबत द्यावी, असं माझं मत. थंडपणा ओळखणारा आपल्या चेतातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन), टीआरपीएम८, २००२ साली सापडला. तो शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना स्पर्श-तापमानाच्या कामासाठी २०२१चं नोबेल मिळालं. हा ग्राहक खऱ्या थंडीने जागा होतो, पुदिन्यातल्या मेंथॉलने होतो आणि वेलदोड्यातल्या सिनिओलनेही होतो. व्हॅनिलाच्या वासाबरोबर गारवा आला की जीभ गोंधळते. वेलदोड्याबरोबर आला की तो वेलदोड्याचाच वाटतो. दुसऱ्या खेपेला आम्ही व्हॅनिला काढून वेलदोडा घातला आणि घरातल्या कुणीही पेपरमिंटचं नाव काढलं नाही.

तर कृती अशी बसली: एरिथ्रिटॉल फ्रिजमध्येही विरघळलेलं राहील इतपतच घ्यायचं, २०० ग्रॅम क्रीम चीजला पस्तीस ग्रॅमच्या आत, आणि उरलेला गोडवा सुक्रालोजच्या किंवा स्टीव्हियाच्या थेंबांनी द्यायचा. स्टीव्हियाची मागून येणारी कडवट चव चिमूटभर मिठाने दबते. मीठवालं पिवळं बटर वापरलं तर तेवढंही लागत नाही. झँथन गमची अगदी लहान चिमूट सुटं पाणी धरून ठेवते, जास्त झाली की फ्रॉस्टिंग बुळबुळीत. साखरेच्या ढिगाऱ्याने येणारा घट्टपणा या कृतीत नाही, त्याची गरजही नाही, कारण साखरेने येणारा पातळपणाही यात नाही. पण आकारमान निम्म्यावर येतं. तेवढाच थर द्यायचा, किंवा पस्तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं क्रीम फेटून हलक्या हाताने मिसळायचं. किराण्यात मिळणारं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम फेसत नाही, त्यावर हात दुखवून घेऊ नये.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी लोणी आणि दळलेलं एरिथ्रिटॉल फेटायचं, म्हणजे कणांवर स्निग्धाचं आवरण चढतं आणि पाणी त्यांच्यापर्यंत सावकाश पोचतं. क्रीम चीज शेवटी, गार असतानाच, आणि मोजकं ढवळून. बीटर फिरत राहिला की केसीनची जाळी तुटते आणि ती पुन्हा जुळत नाही. आणि उन्हाळा! दुधातला स्निग्धांश ३२ ते ३५ अंशांपर्यंत बहुतेक वितळून जातो. आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात त्याहून जास्त तापमान असतं, मांजलपूर ते दांडिया बाजार या रस्त्याची तर गोष्टच सोडा. त्या दिवशीच्या ओघळण्यात एरिथ्रिटॉलचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे खरं तर वेगळं काढता येणार नाही.

दुकानातल्या पाकिटांबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त शर्करा नसेल तर पाकिटावर 'शुगर फ्री' लिहिता येतं. पण माल्टोडेक्स्ट्रिन या व्याख्येतली शर्करा नाही. ते पिष्टमय पदार्थ तोडून केलेलं असतं आणि रक्तातली साखर भराभर वाढवतं. चमच्याने मोजता यावेत म्हणून तीव्र गोडवा देणाऱ्या कित्येक भुकट्यांत तेच भरलेलं असतं. मी स्वतः वर्षभर चहात असली एक भुकटी आनंदाने घालत होतो. मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा काढायचा आळस, दुसरं काय. 'शुगर फ्री' चॉकलेटांत साखरेऐवजी घालतात त्या माल्टिटॉलचंही तसंच, त्याने साखर थोडी वाढतेच. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हा साखरेचा पर्याय आणूच नये. माणसाला ते चालतं, कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि जीवावर बेतू शकतं.

एरिथ्रिटॉलही निखालस निर्धोक ठरलेलं नाही. २०२३ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात रक्तात ते जास्त असलेल्या लोकांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका अधिक दिसला. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता यावर वाद आहे. मी सणावारी एक तुकडा खातो. रोज खाल्लं नसतं. साखर नाही म्हणून हे हलकं आहे असाही गैरसमज नको: क्रीम चीज आणि लोणी मिळून चौदाशेच्या आसपास कॅलरी होतात, बारा तुकड्यांत वाटल्या तरी शंभराच्या वर.

पुढच्या केकला पुतणीने क्रीम चीजऐवजी म्हशीच्या सायीसकट दुधाच्या दह्याचा चक्का घेतला. अलकापुरीत जाऊन महाग डबा आणायचा कंटाळा आला म्हणे. टांगल्यावर निवळीबरोबर दुधातली बरीचशी शर्कराही वाहून जाते, त्यामुळे कर्बोदकांच्या दृष्टीने चक्का वाईट नाही. चव तर मला क्रीम चीजपेक्षा आवडली, श्रीखंडाच्या जवळची. अडचण दोन प्रकारची आली. कारखान्यात क्रीम चीजमधला स्निग्धांश दाबाखाली फोडून बारीक करतात आणि प्रत्येक थेंबाभोवती केसीन बसतं, म्हणून ते रेशमासारखं लागतं. चक्का रवाळ राहतो. आणि त्यातले जिवाणू जिवंत असतात, ते आंबवत राहतात, जाळी आकसते, पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी केकभोवती ताटलीत निवळीचं वर्तुळ होतं.

रवाळपणा पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून दोनदा काढल्यावर बराच गेला. पाण्यासाठी तिने चक्का दोन रात्री फ्रिजमध्ये वरवंट्याखाली दाबून ठेवला आहे. पुरणयंत्र अजून तिच्याकडेच आहे.