ही फाइल कोणाकडे द्यायची?

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "अगं, लाइट बिल उघडायला गेलो तर ते मलाच विचारतंय, कुठली पानं हवीत, रेझोल्युशन किती ठेवू. मला नुसतं बिल बघायचंय!" त्यांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. दोन वर्षं बिलं नीट उघडत होती. आदल्या रात्री अपडेट झाली आणि तीच पीडीएफ आता फोटो-एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये उघडायला लागली.

फाइलवर डबल-क्लिक केलं की संगणकासमोर दोन प्रश्न येतात. ही फाइल कशाची आहे? आणि ती कोणाकडे सोपवायची? लिनक्सच्या डेस्कटॉपवर ही दोन कामं वेगवेगळी ठेवली आहेत, आणि दोन्हींची उत्तरं मुळात साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहिलेली असतात. कुणीही उघडावीत, वाचावीत, बदलावीत. या मांडणीवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि बाबांचं बिल उघडलं तेही तिच्यामुळेच.

आधी पहिला प्रश्न. नावाच्या शेवटी डॉट पीडीएफ आहे म्हणून फाइल पीडीएफ, असं आपण धरून चालतो. पण नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठी साखरेची आणि आत रवा, असं घरात होतं तसं इथेही होतं. कधी चिठ्ठीच नसते. म्हणून लिनक्स चिठ्ठीही वाचतं आणि गरज पडली तर झाकण उघडून आतही बघतं.

प्रकाराला नाव काय द्यायचं, हे मात्र डेस्कटॉपवाल्यांनी ठरवलेलं नाही. ते आलं ईमेलमधून. १९९२ पर्यंत इंटरनेटवरच्या मेलमधून साधा इंग्रजी मजकूर तेवढा सरळ जायचा. नेथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी त्या वर्षी माइम नावाचं मानक मांडलं, आणि मेलला फोटो किंवा आवाज जोडायचा तर त्यासोबत 'हे काय आहे' हे कसं लिहायचं ते ठरवून दिलं. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टाइन यांनी माइमचा पहिला मेल पाठवला. त्यात ते स्वतः गात असलेल्या चौघांच्या गायक-चमूचा फोटो होता आणि गाणंही. त्याच माइमची दोन भागांची नावं आज आपल्या डेस्कटॉपवर आहेत: इमेज/पीएनजी, टेक्स्ट/प्लेन, ॲप्लिकेशन/पीडीएफ. आधी कूळ, मग तिरकी रेघ, मग नाव. फोल्डरलासुद्धा असं नाव आहे, आयनोड/डिरेक्टरी.

ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे दोन डेस्कटॉप. पूर्वी ग्नोमची यादी वेगळी आणि केडीईची वेगळी असायची. एका डेस्कटॉपवर ओळखली जाणारी फाइल दुसऱ्यावर अनोळखी. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला, आणि पुढे तिथेच सगळ्यांसाठी एक सामाईक माहितीसाठा तयार झाला. त्यात प्रत्येक प्रकारासमोर नावाचे नमुने असतात आणि बऱ्याच प्रकारांसमोर आतल्या खुणाही. नमुन्यांमध्ये लांब नमुना जिंकतो. 'डॉट टार डॉट जीझेड' हा नुसत्या 'डॉट जीझेड'ला मागे टाकतो. काही ठिकाणी लहान-मोठ्या लिपीचाही फरक धरलेला आहे: शेवटी लहान सी असेल तर सी भाषेचा प्रोग्राम, मोठा सी असेल तर सी प्लस प्लसचा.

आतल्या खुणांना इंग्रजीत मॅजिक म्हणतात. युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीमध्ये 'फाइल' नावाची आज्ञा १९७३ पासून आहे, तेव्हापासूनची ही रीत. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पी, डी, एफ ही अक्षरं असतात. पण मला सगळ्यात आवडते ती पीएनजी चित्राची खूण. पहिले आठ बाइट्स (म्हणजे ० ते २५५ मधले आकडे) ठरलेले: १३७, मग पी, एन, जी ही तीन अक्षरं, मग १३, १०, २६, १०.

यातला एकही आकडा उगाच नाही. १३७ हा १२७ च्या, म्हणजे सात बिटांत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या, वरचा आहे. सात बिटच पुढे नेणाऱ्या जुन्या यंत्रणेतून फाइल गेली तर हा बाइट बिघडणार आणि चित्र खराब झाल्याचं पहिल्याच पावलावर कळणार. १३ आणि १० ही जोडी म्हणजे डॉस-विंडोजची ओळ संपल्याची खूण, आणि शेवटचा एकटा १० ही युनिक्सची. एखाद्या प्रोग्रामने चित्राला मजकूर समजून ओळींच्या खुणा बदलल्या, तर यातली एक तरी मोडतेच. मधला २६ अशासाठी, की कुणी डॉसवर ही फाइल चुकून मजकुरासारखी पडद्यावर छापायला घेतली तर छपाई तिथेच थांबावी. आठ बाइट्समध्ये ओळखही आहे आणि प्रवासात काय मोडलं याची तपासणीही.

मग प्रत्येक वेळी आतच का बघत नाहीत? कारण फोल्डरमध्ये पाच हजार फोटो असले, तेही नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर, तर प्रत्येक फाइल उघडून बघण्यात वेळ जातो. म्हणून नावावरून एकच उत्तर निघालं तर साधारणपणे तेच धरतात. नावच नसेल किंवा एकाहून जास्त प्रकार जुळले, तर आत बघायचं. 'डॉट टीएस' हे त्याचं चांगलं उदाहरण. टीव्हीच्या प्रक्षेपणाचे व्हिडिओ या नावाने असतात, क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या साधनाच्या भाषांतराच्या फाइली असतात आणि २०१२ नंतर टाइपस्क्रिप्ट भाषेतले प्रोग्रामही. व्हिडिओची पाकिटं १८८ बाइट्सची असतात आणि प्रत्येक पाकीट ७१ या आकड्याने सुरू होतं, म्हणजे जी या अक्षराने. एखादा प्रोग्राम जी अक्षराने सुरू होईलही, पण दर १८८ व्या जागी जी येणं अवघडच.

दिवाळी अंकाची ईपब प्रत ही खरं तर एक झिप फाइल (अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) असते, म्हणजे सुरुवातीची खूण झिपचीच. मग पुस्तक कसं ओळखायचं? नियम असा, की झिपमधली पहिली फाइल 'माइमटाइप' याच नावाची हवी आणि ती दाबून लहान केलेली नको. झिपचा मथळा ३० बाइट्सचा, हे इंग्रजी नाव आठ अक्षरांचं. त्यामुळे ३८ बाइट्स मोजून पुढे गेलं की प्रकाराचं नाव उघड्या अक्षरांत लिहिलेलं सापडतं. लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलीही याच रीतीने बांधलेल्या असतात.

आता दुसरा प्रश्न, कोणाकडे सोपवायची? लिनक्सवर प्रोग्राम बसवला की त्याच्यासोबत डॉट डेस्कटॉप नावाची एक छोटी फाइल येते. तिच्यात प्रोग्रामचं नाव असतं (पुष्कळदा 'एमआर' अशी खूण करून मराठी नावही, स्वयंसेवकांनी लिहिलेलं), चालवायची आज्ञा असते आणि एका ओळीत तो कुठले कुठले प्रकार उघडू शकतो ते. हा निव्वळ उमेदवारी अर्ज. एका पीडीएफसाठी पाच अर्ज असू शकतात: वाचक (पीडीएफ वाचायचा प्रोग्राम), ब्राउझर, चित्र-संपादक, रेखाटनाचा प्रोग्राम, ई-बुकचा प्रोग्राम. सगळे खरंच बोलत असतात, कारण सगळ्यांना पीडीएफ उघडता येतेच.

निकाल दुसरीकडे लिहिलेला असतो. आपल्या होम फोल्डरात डॉट-कॉन्फिग नावाचा लपलेला फोल्डर आहे, त्यात माइमॲप्स डॉट लिस्ट. एका ओळीत एक प्रकार, बरोबरचं चिन्ह आणि पुढे निवडलेल्या अर्जाच्या फाइलचं नाव. हीच फाइल 'याला या प्रकारासाठी धरू नका' असंही सांगू शकते, त्यासाठी वेगळा भाग आहे. डिस्ट्रोची, म्हणजे आपण बसवलेल्या लिनक्सच्या तयार संचाची, स्वतःची यादी असते, पण वापरणाऱ्याची यादी आधी वाचली जाते. कंपनीने किंवा डिस्ट्रोने काहीही ठरवलेलं असो, आपल्या घरातली ओळ त्यांच्या ओळीच्या वरची.

बाबांच्या लॅपटॉपवर दुरून शिरून मी ती यादी उघडली. पीडीएफची ओळ होती. तिच्यात वाचकाचं नावही होतं. वाचक प्रोग्रामही जागेवर होता. मग बिघडलं काय? अर्जांच्या फोल्डरात बघितलं तेव्हा उलगडलं. अलीकडे बऱ्याच प्रोग्रामनी आपल्या अर्जाच्या फाइलचं नाव बदलून उलट्या वेब-पत्त्यासारखं केलं आहे, आणि अपडेटमध्ये या वाचकाचंही तसंच झालं होतं. यादी जुन्या नावाला हाक मारत होती आणि त्या नावाचं आता कुणी नव्हतं. डिस्ट्रोच्या यादीत पीडीएफची ओळ नव्हती. मग उरलेल्या अर्जांपैकी एकाला काम गेलं, आणि तो निघाला चित्र-संपादक. गुणवत्तेची तुलना तिथे होतच नाही.

मी एक ओळ बदलली. हेच काम माउसनेही होतं: फाइलवर राइट-क्लिक, 'ओपन विथ', वाचक निवडायचा आणि नेहमीसाठी हाच, अशी खूण करायची. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आवडत असेल तर 'एक्सडीजी-माइम' ही आज्ञा आहे. ती फाइलचा प्रकार सांगते, त्या प्रकाराचा सध्याचा मानकरी सांगते आणि तो बदलूनही देते. नवीन प्रोग्राम बसवल्यावर फोल्डरच भलतीकडे उघडायला लागले, तर त्याच्या अर्जात आयनोड/डिरेक्टरी आहे का ते आधी बघावं. बहुतेक वेळा असतंच.

"उघडलं गं," बाबा म्हणाले. "आणि मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की दुसराच ब्राउझर उघडतो, तेही बघ ना." तेही त्याच यादीत होतं. लिनक्स वेबपत्त्यालाही एक प्रकारच मानतं, त्यामुळे डिफॉल्ट ब्राउझर म्हणजेसुद्धा तिथली एक ओळ. पीडीएफच्या ओळीपासून चार ओळी खाली सापडली.